इवानोसाकीची दोन हजार एकशे माणसं

नाही, मी म्हणते अकरा, तर हे नगरपालिकावाले म्हणतात दोन हजार एकशे! आता तुम्हीच सांगा, बत्तीस वर्षांपूर्वी मी लग्न होऊन ज्या वाडीत आले, तिथं माणसं किती हे मला ठाऊक असणार की आभाळात घिरट्या घालणाऱ्या यंत्राला? पण नगरपालिकेचे निनोमियासाहेब दारात बूट काढून नीट जोडीनं ठेवून आत येतात, माझा चहा पितात, माझीच संत्री सोलतात आणि मलाच विचारतात, ''हिकोसाकाबाई, माफ करा हं, पण बाकीची माणसं कुठं आहेत?'' जशी काही मी कपाटात कोंडून ठेवलीत!

तर त्यांनी टेबलावर फोटो पसरला. उपग्रहानं रात्री काढलेला. सगळा काळाकुट्ट, त्यात टोयोहाशी शहर म्हणजे शेगडीवर दूध उतू गेल्यासारखं पांढरं, मग समुद्रात घुसलेल्या आमच्या जमिनीच्या पट्ट्यावर ठिपके विरळ होत होत जातात, आणि अगदी टोकाला, जिथं आता काही नसणार असं वाटतं तिथं, हा एवढा झगझगीत डाग... इवानोसाकी! आम्ही! खरं सांगू? क्षणभर मला बरंच वाटलं. एवढे आहोत आपण? वरून काय हो, सगळंच छान दिसतं!

भानगड होती बसची. मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी नऊ वीसला एक छोटी बस वाडीत येते आणि आम्हाला दवाखान्यात, बाजारात नेऊन आणते. ती ठेवायची की बंद करायची, हे नगरपालिकेला ठरवायचं होतं. आता चढतात किती हे ड्रायव्हरला विचारलं असतं तर त्यानं एका हाताच्या बोटांवर सांगितलं असतं, पण नाही, नागोयाहून कुठलीशी कंपनी बोलावली आणि ती म्हणाली, ''नोंदवहीतली नावं जुनी असतात, माणसं नाव इथं ठेवून शहरात जातात. दिवे मात्र खोटं बोलत नाहीत. रात्री उजेड तिथं माणूस, माणूस तिथं बस!'' झालं! नोंदवहीत अकरा आणि फोटोत दोन हजार एकशे, म्हणून निनोमियासाहेब मोजायला आले.

ही बस गेली तर मी अडकलेच. गाडी आमचे हे चालवायचे. मी बत्तीस वर्षं शेजारी बसून ''हळू, हळू'' म्हणायचं काम केलं, आणि त्याचं लायसन मिळत नाही. आणि हे तर ऑगस्टात गेले.

असो. तर साहेब फोटोवर बोट ठेवून बसलेले, तेवढ्यात शेजारची योनेआजी आत येऊन माझ्याजवळ टेकली. वय शहाऐंशी, गुडघे गेलेले, कान मात्र माझ्या खिडकीलाच लावलेले.

''आहेत की दोन हजार!'' म्हणाली. ''कामावर गेलीत सगळी!''

''आजी, दोन हजार माणसं? कुठं कामावर?''

''कुठं म्हणजे? बाहेर! सरकारी माणूस ना तुम्ही, कामावर जाणं म्हणजे काय तेही मीच सांगू?'' आणि टेबलाखालून माझ्या मांडीला असा चिमटा, असा चिमटा, की आठवडाभर निळं होतं!

पण मला खोटं बोलता येत नाही. येत नाही म्हणजे, मी बोलते आणि मग लगेच चहा सांडते. म्हणून उठले आणि साहेबांना सरळ मागच्या काचघरात नेलं. ''ही बघा,'' म्हटलं, ''बाकीची माणसं.''

अठरा हजार शेवंतीची रोपं. वर ओळीनं पिवळे दिवे.

तुम्हाला सांगते, शेवंतीचं असं असतं, की दिवस लहान झाला की ती फुलते. म्हणून आम्ही रात्री दहा ते दोन दिवे लावतो, तिला वाटतं दिवस मोठाच आहे, उन्हाळाच आहे, आणि ती नुसती वाढत बसते. आणि तो उपग्रह वरून जातो कधी? दीड वाजता! सगळी माणसं अंधार करून झोपलेली, जागी कोण, तर आमची रोपं, आणि ती बिचारी शिरगणतीत माणसं म्हणून बसली! वरून काय, सगळंच छान दिसतं!

साहेब मान वर करून बघत राहिले. रोपं त्यांच्या खांद्याला आलेली.

''फुलं कुठायत?''

''दिवे मालवल्यावर सात-आठ आठवड्यांनी येतात.''

''मग मालवणार कधी?''

आता काय सांगू? वर्षअखेरीला घरोघरी पितरांसमोर, थडग्यांवर पांढरी शेवंती लागते, त्यासाठी दिवे पाच नोव्हेंबरला मालवायला हवे होते. त्या दिवशी एकोणीस तारीख होती. शेतकी संघातून तीनदा फोन येऊन गेलेला, ''बाई, रोपांचे काय बांबू करताय का?'' मला कळत नव्हतं असं नाही हो. पण दरवर्षी हे कॅलेंडरवर गोल करायचे, न्याहारीला म्हणायचे, ''झोपू दे आता त्यांना,'' आणि जाऊन कळ फिरवायचे. यंदा रोपं यांनीच लावली होती. रोपांना अजून उन्हाळाच आहे असं वाटत होतं... वाटू दे म्हटलं. त्यांना तरी.

हे काही मी साहेबांना सांगितलं नाही. ''राहूनच गेलं,'' एवढंच मी म्हणाले. पण माणूस चांगला. खालच्या आवाजात म्हणाला, ''बाई, मी इथं आलोच नाही असं समजा. बैठकीत नोव्हेंबरचा फोटो धरणार आहेत. महिनाअखेरपर्यंत दिवे असू द्या, बस राहील.''

''महिनाअखेर कशाला?'' योनेआजी दारातून माझ्यावर ओरडली. ''कायमचे असू दे! मिसाए, हात लावशील दिव्यांना तर बघ!''

म्हणजे बघा, दिवे ठेवले तर बस राहते आणि फुलं येत नाहीत, मालवले तर फुलं येतात आणि आम्ही वाडीत अडकतो. दोन दिवस मी भात करपवला. तिसऱ्या दिवशी दुपारी, लख्ख उन्हात, काचघरात गेले. एका रोपाचं टोक हातात घेतलं, तर नुसतं हिरवं, कळीचं नावसुद्धा नाही. अठरा हजार रोपं, उभ्या उभ्या वाट बघतायत. कसली, ते त्यांनाही माहीत नाही.

मी कळ फिरवली. काहीच झालं नाही. भर उन्हात काय दिसणार! योनेआजी चार दिवस माझ्याशी बोलली नाही, पाचव्या दिवशी मुळ्याचं लोणचं घेऊन आली आणि म्हणाली, ''बोलत नाहीये मी अजून.''

फुलं जानेवारीत आली, ताडमाड उंच. संघवाले हसले. पहिली सात यांच्या तसबिरीपुढं ठेवली. उशीर झाला म्हणून जरा ओशाळल्यासारखं झालं.

आणि बस? डिसेंबरात निनोमियासाहेबांचा फोन. ''हिकोसाकाबाई, घोटाळा झालाय! कंपनीचा संगणक म्हणतो, एका रात्रीत दोन हजार एकोणनव्वद माणसं नाहीशी झाली! वाडी आपत्तिग्रस्त धरलीय! मी सांगितलं शेवंती, तर म्हणतात, तसा रकाना नाही! आता माणसं परत यायची सोय म्हणून वर्षभर बस रोज!''

रोज! येते ना, नऊ वीसला, रिकामी, मोठी बस. मी आणि योनेआजी चढतो. ड्रायव्हर विचारतो, ''बाकीची मंडळी?'' मी म्हणते, ''गेली हो ती. येणार नाहीत आता. निघा तुम्ही.'' तरी तो पाच मिनिटं थांबतोच, तसा लेखी हुकूम आहे म्हणे. आजी चिडते. मी म्हणते, थांबू दे... मला दिवे मालवायला तीन महिने लागले, ती तर कचेरी आहे!