हिरव्या दिव्याची काळजी

काकू : तसं नाही ताई, ही ओल मोजायची खुंटी खोटं बोलते असं मी म्हणत नाही. पण तिचा दिवा हिरवा, मोबाइलवर तुमचा निरोप ‘जमिनीत पाणी पुरेसं आहे’, आणि इकडे टोमॅटोची झाडं माना टाकून उभी. आता मी ऐकू कुणाचं?

ताई : ठिबकचा कॉक शेवटचा कधी उघडलात?

काकू : आठवडा होत आला. कृषी केंद्रातून येऊन तुम्हीच शिकवलंत ना, लाल दिवा लागल्याशिवाय पाणी सोडायचं नाही. मी आज्ञाधारक बाई.

काका : माझ्या उभ्या जन्मात दिसली नाही ती आज्ञाधारक.

काकू : तुम्ही मध्ये बोलू नका हो. ताई, उद्या सकाळी गटातल्या सगळ्या बायका हे शेत बघायला येणार आहेत. मीच पुढे होऊन म्हटलं होतं, आधी माझ्याकडे लावा, चाललं तर सगळ्याजणी घेऊ. हे बघून एक तरी घेईल का? माझं नाक कापलं जाईल ते वेगळंच.

ताई : तुमच्याबरोबर माझंही. या गावानं नको म्हटलं तर सगळी यंत्रं दुसरीकडे द्यायची, असं साहेबांनी बजावलंय. थांबा, मी दुसरी खुंटी आणलीय. ती शेजारच्या सरीत लावून बघू.

काका : कशाला एवढी दगदग, बाई? यंत्रच ते, बिघडायचंच. घरी चला, चहा घेऊ.

काकू : आज चहाचं तुम्हाला बरं सुचलं.

ताई : हे बघा काकू. इथे लाल. दोन पावलांवर तुमची खुंटी हिरवी. आता दोन्हींची अदलाबदल केली, तरी लाल इथेच आणि हिरवा तिथेच. म्हणजे यंत्रं दोन्ही धड आहेत.

काकू : मग जमीन बिघडली म्हणायची का?

(ताई गुडघ्यावर बसून जुन्या खुंटीच्या जागची माती हाताने उकरते.)

ताई : इथे तर चिखल आहे. आणि गवत बघा केवढं माजलंय. सगळं शेत कोरडं आणि एवढ्याच वीतभर जागेत ओल कुठून आली?

काका : देवाची करणी आणि नारळात पाणी.

काकू : अहो, माझ्याकडे बघून बोला.

काका : बघतोय की.

काकू : नाही, तुम्ही बांधाकडे बघताय. एवढी वर्षं संसार केलाय तुमच्याशी. काय केलंत?

काका : जास्त काही नाही. सकाळी तू मोटर बघायला वळलीस की तांब्याभर पाणी ओतत होतो. खुंटीच्या बुडाशी.

काकू : तरीच घरातला तांब्या रोज शेतात यायचा. मला वाटलं, प्यायला आणता.

ताई : काका, पण का? तुम्हाला हे यंत्र नकोच होतं का?

काका : तसं नाही हो. पहिल्यांदा लाल दिवा लागला ना, तेव्हा ही दिवसभर धड जेवली नाही. आपलंच काहीतरी चुकलं म्हणाली. शाळेत नापास झालेलं पोर जसं तोंड पाडून बसतं, तशी बसली होती. पुन्हा लाल लागू नये म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी तांब्या ओतायला लागलो, तर हिरवा बघून ही घरी येईपर्यंत गुणगुणत होती. मी म्हटलं, तांब्याभर पाण्यात घरात सुख नांदत असेल तर ओतायला काय जातंय?

काकू : ऐका. आणि इकडे झाडं तहानेनं मेली असती.

काका : झाडांचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

ताई : चूक माझीही आहे. सभेत मीच म्हणाले, हिरवा चांगला आणि लाल वाईट. नुसतं म्हणायला हवं होतं, लाल म्हणजे तहान. त्यात नापास होण्यासारखं काही नाही. काकू, आता पाणी सोडलंत तर सकाळपर्यंत झाडं ताजी होतील. बायकांना काही कळणारही नाही.

काका : झालं तर मग. झाकली मूठ सव्वा लाखाची.

काकू : मूठ उघडायची. मी सगळ्याजणींना आहे तसं सांगणार.

ताई : काकू, हसतील हो.

काकू : हसू देत. प्रत्येकीच्या घरी एक नवरा आहे. यंत्र घ्यायच्या आधी त्यांना हे कळायलाच हवं. आणि हे स्वतः उभं राहून सांगतील, तांब्या हातात घेऊन.

काका : बायकांच्या घोळक्यात मी?

ताई : काका, खरंच सांगा. माझ्या दहा सभांपेक्षा ते जास्त लक्षात राहील.

काका : बरं, सांगतो. ताई, तुम्ही नवी खुंटी काढून घ्या, तोवर आम्ही कॉकपाशी जातो. अगं, पण एक विचारू? तो दिवा तर मीच पेटवलेला. म्हणजे तुझं गुणगुणणंही फुकटचंच म्हणायचं.

काकू : दिव्यासाठी कोण गुणगुणत होतं? यंत्र आलं तशी तुम्ही रुसून शेताची वाट सोडली होती. मग एका सकाळी आपणहून माझ्याबरोबर निघालात, आणि रोज यायला लागलात.

काका : तेवढ्यासाठी?

काकू : तेवढ्यासाठीच. चला, कॉक उघडा आता.