चढ्या तारा

कानाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारच्या बाकावर व्हायोलिन शिकवणाऱ्या एक बाई आणि त्यांची लेक बसल्या होत्या. लेकीला मोठ्यानेच बोलावं लागत होतं, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू येत होतं.

"आई, शिकवणीआधी तू सगळ्यांची व्हायोलिनं लावून देतेस ना, त्यांच्या तारा हल्ली चढ्या लागतात."

"काहीतरीच! शिकायला येणारे ते बँकवाले काका तर कधी काही बोलले नाहीत."

"ते कशाला बोलतील? शिकवणी सुटली की तेच जिन्यात थांबून पोरांच्या तारा परत उतरवून देतात."

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं. तुला वाईट वाटेल म्हणून सगळे गप्प बसले."

"सगळे कुठे? तो चष्मेवाला छोटू माझ्या देखत खुंट्या पिळायचा. म्हणायचा, बाई, असं नाही, असं. मी त्याच्या बाबांना बोलावून सांगितलं, याला सूरच कळत नाही, उगाच पाठवू नका."

"माहितेय मला."

"त्यांना फोन लाव. म्हणावं, माझंच चुकलं, पाठवा त्याला."

"लावला होता, आई. त्याचे बाबा तयार आहेत."

"मग अडलंय कुठे?"

"तोच नाही म्हणतो. म्हणतो, मला सूर कळत नाही."