सव्वीस नंबर

कारकून : रागावू नका सिस्टर, पण हे गणित कुठल्याच शाळेत बसायचं नाही. नववी ‘अ’ मध्ये मुली एकेचाळीस आणि आज हजर बेचाळीस!

सिस्टर : मोजण्यात चूक झाली असेल.

कारकून : तीनदा मोजलं. वही होती तोवर खपून गेलं, आता हा मेला संगणक ऐकून घेत नाही. सव्वीस नंबरावर येऊन अडतो. म्हणतो, अशी विद्यार्थिनीच नाही. आणि तुम्ही तर रोज तिला हजर लावता.

सिस्टर : उद्या दुरुस्त करते. तुम्ही निघा आता, उशीर झालाय तुम्हाला.

कारकून : निघतोच. पण बाहेर बाकावर एक बाई बसल्यात, शाळा सुटल्यापासून. विचारलं, कोणाची आई आपण? तर म्हणाल्या, नववी ‘अ’, सव्वीस नंबर. मी नवा माणूस, मला वाटलं कोणी माझी फिरकी घेतंय... सिस्टर? पाणी आणू का?

सिस्टर : नको. त्यांना आत पाठवा. आणि जाताना दार ओढून घ्या.

(दार लागतं. पुढचं सगळं रिकाम्या वर्गात.)

आई : उठू नका हो, मी काही तपासणीला आलेली साहेबीण नाही. इथे बसते, पहिल्या बाकावर.

सिस्टर : नऊ वर्षांनी आलात.

आई : येत होते की. फाटकापर्यंत. बेकरीतली पाळी संपली की पाय आपसूक इकडे वळायचे, फाटक दिसलं की माघारी. आज भाचीमुळे आत आले. माझ्या भावाची मुलगी यंदा तुमच्या वर्गात आहे.

सिस्टर : ती चष्मेवाली? सारखे प्रश्न विचारणारी?

आई : तीच. आगाऊ आहे, पण खोटं बोलत नाही. परवा जेवताना म्हणाली, “आत्या, आमच्या सिस्टर हजेरी घेताना सव्वीस म्हणतात आणि थांबतात. कोणीच हजर म्हणत नाही. मग खिडकीकडे बघत खूण करतात आणि सत्तावीस म्हणतात. आधी मुली हसायच्या, आता कोणी हसत नाही.” माझा घास हातातच राहिला.

सिस्टर : तो नंबर मी दुसऱ्या कोणाला देऊ शकले नाही. तिची आठवण म्हणून...

आई : आठवण म्हणून मेणबत्ती लावतात, सिस्टर. हजेरी लावत नाहीत.

सिस्टर : तुम्हाला दुःख व्हावं असा हेतू नव्हता.

आई : हेतूचं सोडा. मी एकच विचारायला आलेय. त्या शुक्रवारी माझी भिंगरी शाळेत आली होती का?

सिस्टर : हजेरीपटात तशी नोंद आहे.

आई : हजेरीपट पाहिलाय मी. पोलिसांनी दाखवला होता. तुमचं अक्षर मोत्यासारखं, खूणसुद्धा सुबक. मी हजेरीपटाला नाही विचारत, तुम्हाला विचारतेय.

सिस्टर : मी तेव्हाच सांगितलं होतं. महिन्याचा पहिला शुक्रवार होता, खास प्रार्थनेचा. मुली वर्गात न येता थेट चॅपलमध्ये गेल्या. शेवटच्या गाण्यात तिचा आवाज मला ओळखू आला. वरचा, स्वच्छ आवाज.

आई : तिचा घसा बसला होता.

सिस्टर : काय?

आई : बुधवारपासून. शब्द फुटत नव्हता पोरीच्या तोंडून. काही हवं असलं की ताटलीवर चमचा वाजवायची.

सिस्टर : मग... तेव्हा का नाही बोललात?

आई : कारण मला ते गाणं हवं होतं! माझी मुलगी मेली त्या दिवशी सकाळी गात होती, हे सांगणारं जगात एकच माणूस होतं, तुम्ही. मी मनाला समजावलं, घसा सुटला असेल सकाळी. देवाच्या दारात सुटतो म्हणतात. नऊ वर्षं त्या गाण्यावर झोपले मी. आणि मग भाचीने सांगितलं की तुम्ही आजही तिच्या हजर म्हणण्याची वाट बघता. ज्याने ऐकलंय तो अशी वाट बघत नाही हो.

सिस्टर : त्या दिवशी मौन होतं. प्रार्थनेनंतर तीन वाजेपर्यंत कोणी कोणाशी बोलायचं नाही, तास नाहीत, नजर खाली. पोलिसांनी मुलींना विचारलं तेव्हा एकीलाही खात्रीने सांगता आलं नाही. एक म्हणाली, बहुतेक माझ्या शेजारी होती.

आई : बहुतेक! तुम्ही मुलींच्या मागे लपू नका. तुम्ही काय पाहिलंत?

सिस्टर : उशीर झालाय. आपण उद्या बोलू.

आई : सिस्टर, मी पहाटे चारपासून भट्टीसमोर उभी आहे. दमलेय. पण उत्तर घेतल्याशिवाय उठायची नाही.

सिस्टर : पहिल्या शुक्रवारी हजेरीपट आठच्या आत ऑफिसात द्यावा लागायचा, आणि मुली तर चॅपलमध्ये. म्हणून मी गुरुवारी दुपारीच शुक्रवारचा रकाना भरून ठेवत असे. सगळ्या हजर. मग चॅपलमध्ये बाकं बघायची, कोणी दिसली नाही तर ऑफिसात जाऊन दुरुस्ती करायची. सगळ्याच वर्गशिक्षिका तसं करत. नियम नव्हता, पण रीत पडून गेली होती.

आई : आणि बाकं बघितलीत?

सिस्टर : बघितली.

आई : मग?

सिस्टर : एका बाकावर सात मुली बसत. तिसऱ्या बाकावर सहा होत्या. मधे जागा मोकळी होती. तिची.

आई : बोला. थांबू नका.

सिस्टर : महिना नुकताच सुरू झाला होता आणि माझ्या वर्गात अजून एकही गैरहजेरी नव्हती. महिनाभर पूर्ण हजेरी असलेल्या वर्गाला बक्षिसाची ढाल मिळायची. महिनाभराने आमची मुख्य सिस्टर निवृत्त होणार होती, तिच्या हातून ढाल घ्यायची मला फार हौस होती. वाटलं, उशीर झाला असेल, येईल. मी त्या बाकापाशी गेले आणि हाताने खूण केली. सरकून बसा. त्या सहाजणी पसरून बसल्या. मोकळी जागा दिसेनाशी झाली.

आई : सरकून बसा.

सिस्टर : हो.

आई : माझ्या लेकीची जागा तुम्ही पोरींकडून बुजवून घेतलीत. ढालीसाठी.

सिस्टर : हो. आणि गाण्यात मी कान देऊन ऐकलं. तिचा आवाज यावा असं इतकं वाटत होतं की आला असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पोलिसांसमोर तेच सांगितलं. एकदा सांगितल्यावर मागे घ्यायचा धीर झाला नाही. फादरांपाशी कबुली दिली मी. ते म्हणाले, देव क्षमा करेल, पण तिच्या आईला सांगितलंस का? त्यानंतर मी त्यांच्याकडे कबुलीला जायचंच टाळलं.

आई : त्या डॉक्टरची मी किती अब्रू काढली ठाऊक आहे? शवविच्छेदन करणारा साधा माणूस. म्हणाला, “पाय मोडून बरेच तास झाले होते. सकाळीच पडली असावी, दुपार ढळेपर्यंत जीव होता.” मी त्याच्या अंगावर धावून गेले. साडेतीनपर्यंत शाळेत होती ती, तुम्ही शिकलात कुठे, असं म्हटलं. सगळ्यांनी हजेरीपट खरा धरला. त्या बिचाऱ्याने शेवटी स्वतःचंच लिहिलेलं खोडलं. शरीर सांगत होतं ते खोटं आणि तुमची टिचभर खूण खरी!

सिस्टर : मला वाटलं होतं, ती सापडेल. कुठेतरी मैत्रिणीकडे...

आई : कशी सापडेल? गावभर शोधलं, पण कुठून? शाळेच्या फाटकापासून पुढे. वाचनालय, बाजार, नदीचा पूल. घर आणि शाळा यांच्या मधे कोणी पाहिलंच नाही. ती तर शाळेत पोचली होती ना! तिसऱ्या दिवशी एका गुराख्याचं कुत्रं भुंकलं म्हणून आमच्या वाटेवरच्या बंद वीटभट्टीच्या खड्ड्यात कोणी वाकून बघितलं. आणि घसा बसलेला. सात तास तिथे पडून पोरगी हाक मारत असेल आणि आवाज निघत नसेल.

सिस्टर : पुरे. कृपा करून पुरे.

आई : मला कुठे पुरे होतंय? आता माझं ऐका, मीही काही धुतल्या तांदळाची नाही. गुरुवारी रात्री तिने पाटीवर लिहून दाखवलं, उद्या नको जायला. मी म्हटलं, नाटकं करू नकोस. कारण तुमच्या शाळेची चिठ्ठी आली होती. ऐंशी टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही. आणखी एक दिवस बुडाला तर पालकांनी येऊन भेटावे. खाली तुमची सही.

सिस्टर : ती चिठ्ठी मीच लिहिली होती.

आई : मला पाळी सोडून भेटायला यायचं नव्हतं. म्हणून आजारी पोरीला ढकललं. एवढंच नाही, ती आडवाटही मीच दाखवलेली. उशीर झाला तर वीटभट्टीतून जा म्हणून. पण इतकी वर्षं मनाला म्हणत आले, माझ्या धाडण्याने काही बिघडलं नाही. पोचली ना ती नीट? गायली ना? जे झालं ते नंतर झालं. तो आधारही आज गेला.

सिस्टर : मी उद्या सगळं लेखी देते. मुख्य सिस्टरना, पोलिसांना, त्या डॉक्टरांना. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

आई : द्याच. डॉक्टरला आधी. त्याची माफी मीही मागेन.

सिस्टर : तुम्ही मला क्षमा करा, असं म्हणायचा मला हक्क नाही.

आई : नाही. म्हणू नका. आज तरी नाही जमायचं. तुमच्या शाळेचा आणखी एक नियम होता ना? प्रवेशाच्या वेळी समजावून सांगितला होता.

सिस्टर : साडेनऊपर्यंत मुलगी आली नाही आणि कळवलं नसेल, तर ऑफिसातून पालकांना फोन.

आई : बेकरीचा नंबर मी स्वतः लिहून दिला होता. भट्टीशेजारी भिंतीवरच फोन. तिथून ती वीटभट्टी चालत बारा मिनिटं. मी मोजलीत. धावत सात.

सिस्टर : जाणते मी. मीही त्या वाटेने गेलेय. कितीदा तरी.

आई : मग करा तो फोन.

सिस्टर : आत्ता?

आई : यंत्र नको. मी समोर आहे. साडेनऊ वाजलेत असं समजा आणि तुमच्या ऑफिसातून जे सांगतात ते सांगा.

सिस्टर : माझ्याने नाही होणार.

आई : रोज सकाळी मेलेल्या मुलीला हाक मारता, आणि जित्या बाईशी एक वाक्य बोलवत नाही?

सिस्टर : ...नमस्कार. शाळेतून बोलतेय. तुमची मुलगी, नववी ‘अ’, सव्वीस नंबर... आज शाळेत आलेली नाही. ती घरी आहे का?

आई : नाही हो, सकाळीच निघालीय. ठेवा फोन. कुठल्या वाटेने गेली असेल ते ठाऊक आहे मला. मी निघालेच.