मनाई केली कोणी?

आता मला सांगा, पाटी रंगवणं हा गुन्हा आहे का हो? नाय ना? पण हे आमच्या शेणवे गावात जाऊन बोला... हाणतील! आमच्या भरत पेंटरचं तेच झालं. मुंबईच्या एका शेठनं झऱ्याकडची जमीन घेतली, तार ठोकली आणि भरतच्या मोबाईलवर इंग्रजी मजकूर धाडला, 'एन्ट्री इज प्रोहिबिटेड'. गडी सातवी शिकलेला, अर्थबिर्थ कशाला विचारतोय? एकेक अक्षर लाल रंगात घोटलं, काळी सावली दिली आणि कोपऱ्यात मराठीत सही ठोकली: भरत.

दुसऱ्या दिवशी त्याची आई रखमी हंडा घेऊन झऱ्याला निघाली, तर वॉचमन आडवा! "ए म्हातारे, मनाई केलीय!"

"कोणी रे?"

आता त्याला तरी कुठं ठाऊक? त्यानं पाटी वरपासून खालपर्यंत न्याहाळली, वाचता आलं तेवढं वाचलं आणि म्हणतो, "हे काय, भरतनं!"

झालं! रखमी रिकामा हंडा आपटत घरी. "नऊ महिने वागवला रे तुला, आन् माझंच पाणी तोडलंस?" मागोमाग अख्खी आळी दारात! भरत रडकुंडीला आला, धावत गेला शाळेतल्या सुरेखाबाईंकडं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "प्रोहिबिट म्हणजे मनाई करणे. इथं कर्मणी प्रयोग आहे. मनाई केलेली आहे."

"पण बाई, केली कोणी?"

"ते लिहावंच लागतं असं नाही. कर्ता गाळला तरी वाक्य बरोबर असतं."

काय भाषा आहे, तुमाला सांगतो! म्हातारी टेकडीला वळसा घालून पाणी आणते, गुडघे सुजून भोपळे झालेत, आणि मनाई केली कोणी? कोणीच नाय! वाक्य मात्र बरोबर!

भरत सही पुसायला गेला, तर वॉचमन त्यालाच तारेजवळ येऊ देईना. "मनाई केलीय!" अरे, पण कोणी? कोणीच नाय! शेवटी त्यानं शेठला फोन लावला. "शेठ, माझं नाव काढा हो, लोक थुकतात तोंडावर."

"काढतो ना! अक्षर छान आहे तुझं. अजून तीन पाट्या कर."

"मग या मराठीत करू? लोकांना कळंल तरी."

"वेडा आहेस का? कळलं तर भांडायला येतील!"

दुसरं काम कुठं होतं हो हाताला? बसला बिचारा डबा उघडून. रखमी पाण्याहून आली, दम खात शेजारी टेकली.

"काय लिवतोस रे?"

भरतनं मान वर केली नाय. "काय ठाव, आये... इंग्रजी हाय."