खळीचं स्टूल

हुंगा की! लांबून काय हुंगता, पाहुणे — नाक घाला साच्यात. येतो काही वास? पिठाची खळ आणि लाकडाचा भुसा, बाकी काही नाही. तो डब्यातला केमिकलचा गोंद — ज्यानं तुमच्या बहिणीच्या छातीत शिट्टी वाजायची तो — बंद. दोन महिने झाले. सांगा तिला. म्हणजे — विचारलं तर सांगा. मी काही वाट बघत बसलेलो नाही!

बसा. अहो, त्या स्टुलावर नको, फुगलंय ते! ही खळ म्हणजे नुसता डोक्याला ताप. गोंद कसा, दहा मिनिटांत दगड. हिचे नखरे बघा — शिजवा, भुशात मळा, साच्यात दाबा, तापवा, आणि मग साचा पार गार होईपर्यंत हात बांधून बसा. आत वाफ कोंडलेली ना — गरम उघडला की फट्! स्टुलाची बैठक बेडकासारखी फुगते. कळतं हो मला. डोक्याला कळतं, हात ऐकत नाहीत. ती असती तर कोपऱ्यातून ओरडली असती — "अहो, हात मागे!" आता कोण ओरडणार, भिंत? सतरा बैठका गेल्या. सतरा! हां, बोललो मी तिला — सोसत नसेल तर जा माहेरी. बोललो! रागात माणूस काय तोलून बोलतो? म्हणून लगेच पिशवी भरायची?

काय? स्टूल? — हां, मागच्या आठवड्यात तिला पाठवलेलं. बघितलंत ना, कसं आरशासारखं! म्हटलं बघू दे, जमतंय मला. एक चीर दाखवा त्याला. अहो, खळीचं कधी एवढं गुळगुळीत —

...

नाही, तसं नाही. एकच केलं हो गोंदाचं. डब्याच्या तळाशी उरला होता थोडा. सतरावी फुटली आणि डोकं फिरलं. फुटकं पाठवू तिला? म्हणाली असती, माझ्यावाचून यांना एक स्टूल होत नाही. आणि नाहीच होत! झालं समाधान?

खोकतेय? कधीपासून — स्टूल आलं तेव्हापासून? आणि तिला वाटतंय, दुखणंच बळावलं?

मी सांगू? तिच्या तोंडावर? ... सांगतो. येतो. ही आच बंद करतो आणि आलोच मागून. स्टूल कुठंय आत्ता? उशाशी? अहो, मग इथं काय करताय! आधी बाहेर फेका ते. उठा — चालताय काय, पळा!