कॉइलओव्हर आणि बाबांची कंबर

माझ्यासमोर त्या कॉइलओव्हरचं नाव काढू नका, डोकं फिरतं माझं. गाडीची उंची कमी-जास्त करता येणारं ते सस्पेन्शन घ्यायला मी चुलतभावाला, निल्याला सोबत नेलं, तिथेच वाट लागली.

दुकानदाराने विचारलं, "गाडी कुठे चालवणार?"

मी 'मुलुंड ते अंधेरी, ऑफिसला' म्हणायच्या आत हा शहाणा बोलला, "रेस ट्रॅकवर! सगळ्यात कडक स्प्रिंग टाका आणि गाडी एकदम खाली घ्या."

दुकानात चार पोरं बघत होती, म्हणून मीही मूर्खासारखा गप्प बसलो.

पुढच्याच आठवड्यात बाबांच्या कंबरेचं ऑपरेशन झालं. डिस्चार्ज मिळाल्यावर घाटकोपरहून त्यांना घरी आणत होतो. मागे आई आणि निल्या. प्रत्येक खड्ड्याला बाबा कळवळत होते. कांजूरमार्गला म्हणाले, "झिला, माका हयच उतरव. मी रिक्षान जातंय."

आई त्यांना धरून रिक्षात बसली. तेवढ्यात निल्या दार उघडायला लागला. "थांबा काका, मीपण येतो. माझीपण कंबर गेली यार."

मी दारं लॉक केली. म्हटलं, "तू कुठे चाललास? बस!"

आणि मुलुंडपर्यंत एकाही स्पीडब्रेकरला ब्रेक मारला नाही.