जावईबापूंचे बदाम

जालना स्थानकाच्या मुसाफिरखान्यात हैदराबादच्या गाडीची प्रतीक्षा करीत असता, शेजारच्या वृद्ध दांपत्याचे संभाषण बद्रीनाथाच्या कर्णी पडले.

“गठुडं छातीशी धरून राह्यलीस, सोनं हाय का त्यात?”

“जावईबापूंच्या काफीचे बदाम हायेत.”

“बदाम? अगं, ही तर बिब्ब्यातली गोडंबी!”

“हळू बोला! दिवाळसणाला घरात बदाम नव्हते, मंग हीच भाजून, वाटून काफीच्या दुधात घातली. दोनदा मागून पेले. म्हणले, असे बदाम हैदराबादेत न्हाईत.”

“अंगावर उततो त्या बिब्ब्याचं हाय हे कळलं, तर तुझ्या हातचं पाणी तरी पेतील का?”

“म्हणून तर जीव धाकधूक करून राह्यलाय.”

“पोरीला ठाऊक हाय?”

“हाय की. तिनंच निरोप धाडला. संगं दिलेले सासूबाईलाबी आवडले, दुप्पट आणा.”

“मंग दे इकडं गठुडं. गर्दीत कुणी ओढून न्हील.”